हरलेल्या देवाची खुर्ची

१

शेजाऱ्यांना वाटायचं, आमच्या घरी रविवारी दुपारी काहीतरी धार्मिक चालतं. आवाजच तसे जायचे बाहेर. "तुमचा देव निर्दय आहे." "आणि तुमची देवी काय धुतल्या तांदळासारखी?" चार घोडे झालेली माणसं जेवणाच्या टेबलाभोवती बसून नसलेल्या देवांवरून एकमेकांच्या अंगावर जातात, हे कोणाला सांगणार? मी त्या फंदात कधी पडले नाही.

खेळ माझ्या दादाचा. दादा दिवसभर ऑफिसात इमारतींचे नकाशे काढतो आणि घरी आला की नसलेल्या देशांचे. त्या देशांत नद्या, तटबंद्या, राजे आणि दोन देव. आम्ही तिघांनी त्यातून वाट काढत फिरायचं आणि दादाने पुढ्यात टाकलेली संकटं फासे टाकून निस्तरायची. तिघं म्हणजे मी, वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई आणि दादाचा शाळेपासूनचा मित्र भोपळा. भोपळा अंगाने काडी आहे. गणितात एकदा भोपळा मिळाला म्हणून नाव पडलं, आणि आता तो गणितच शिकवतो. मला घरात मिरची म्हणतात. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. "आता स्पष्ट दिसतंय, की आता?" असं दिवसभर विचारून विचारून माणसाला जे दिसतं त्यावर माझा फारसा भरवसा उरलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

दोन देव म्हणजे धरणारा आणि सोडणारी. धरणाऱ्याला हाक मारली की तो हात धरतो आणि मग कधीच सोडत नाही. त्याच्या शहरात कोणी मरत नाही. तिथली म्हातारी माणसं शेकडो वर्षं अंथरुणात आहेत, प्रत्येकाचा एक हात त्याच्या हातात. सोडणारी गाठी सोडते. कैद्याच्या बेड्या, अंगातलं दुखणं, अंगातला श्वास, जे अडकलेलं असेल ते. कुठली गाठ सोडू, असं ती विचारत नाही.

दर रविवारी खेळाआधी वाद व्हायचा, यांतला नीतीने वागणारा कोण? दोघांना दोन खुर्च्या. ज्याची बाजू मांडायची त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बोलायचं. शेवटी प्रत्येकाने आपला फासा पटलेल्या देवाच्या पुढ्यात ठेवायचा. बरोबरी झाली तर मागच्या वेळचा विजेता कायम. एकदा ठेवलेला फासा उचलायचा नाही. जिंकलेला देव पुढच्या वादापर्यंत टेबलाशी राहायचा आणि हरलेल्याची खुर्ची बाहेर जायची. यात भक्तिभाव वगैरे काही नव्हता. सहा खुर्च्या असल्या की फ्रिजचं दार उघडत नव्हतं.

आधी ती खुर्ची गॅलरीत जायची. मग आई आजारी पडली. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दवाखान्यातल्यासारखा लोखंडी पलंग घरात आला, आईचं कपाट गॅलरीत सरकवावं लागलं, आणि खुर्चीला जागा उरली ती एकच. आईच्या खोलीत, पलंगाच्या उजव्या अंगाला, खिडकीशी.

तिथे ती कोणी पहिल्यांदा नेऊन ठेवली, ते मला आठवत नाही. बहुतेक मीच.

२

आईला सांभाळायला मावशी यायच्या. रविवारी त्यांना सुट्टी, म्हणून रविवारी मी यायचे. एरवी दादा आणि आई, दोघंच. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता फार आशा धरू नका. मी दादाला तसं सांगितलं, तर तो पेन्सिलीला टोक काढत बसला. टोक तुटलं, परत काढलं, परत तुटलं.

त्या आठवड्यात वादात धरणारा हरला. वकीलबाईंनी त्याची सालटी काढली. "न विचारता धरणं हा गुन्हा आहे," त्या म्हणाल्या, "मग ते प्रेमाने का असेना."

"अहो, पडणाऱ्याला विचारत बसायचं का? 'साहेब, धरू का?' म्हणून?" भोपळा म्हणाला.

"पडताना नाही. पण नंतर तरी विचाराल की नाही?"

धरणाऱ्याची खुर्ची आईच्या खोलीत गेली.

पुढच्या रविवारी मी ती परत आणायला गेले, तर बैठक ऊबदार लागली. नुकतंच कोणी उठून गेल्यावर असते ना, तशी. आपण बसमध्ये अशा जागेवर बसलो की जरा अंग चोरतो. मी लगेच खिडकीकडे पाहिलं. ऊन असणार, दुसरं काय. पडदा ओढलेला होता आणि त्या बाजूला ऊन सकाळचं येतं. मावशी बसत असतील, मी मनात म्हटलं. मग लक्षात आलं की आज रविवार.

पण या सगळ्याकडे बघायला मला फुरसत नव्हती, कारण आई माझ्याकडे बघत होती. नीट, ओळखून बघत होती. त्या दुपारी तिने डाव्या हातात चमचा धरून स्वतः सूप प्यायलं. अर्धं सांडलं. दादा खाली वाकून फरशी पुसत होता आणि रडत होता. मीसुद्धा रडले. आनंदाने रडले, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

३

मग धरणारा एकदा जिंकला. भोपळा तयारी करून आला होता. धरणारा टेबलाशी राहिला आणि सोडणारीची खुर्ची आईजवळ गेली. आठवडाभरात आई उतरणीला लागली. श्वास घ्यायची, थांबायची, आणि पुढचा घेतेय की नाही म्हणून आपण आपला धरून ठेवायचा. दादाचा फोन आला की मी गिऱ्हाइकाला तसंच बसवून दुकानाबाहेर यायचे.

मी काही खुळी नाही. दुखण्यात चढउतार असतात. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. नवा चष्मा घातला आणि गुडघा दुखायला लागला म्हणून भांडायला येतात लोक. तरी पुढच्या रविवारी धरणाऱ्याला हरवायचं, एवढं मी ठरवून आले होते. म्हणजे तो आत जाईल. आईपाशी.

मी त्याच्याविरुद्ध बोलले ते असं बोलले की वकीलबाई बघत राहिल्या. माझ्यानंतर दादा उठला. दादा एरवी मोजकं बोलतो, खेळ चालवणाऱ्याने कोणाची बाजू घेऊ नये म्हणतो. त्या दिवशी त्याने सोडणारीच्या खुर्चीवर हात ठेवला आणि तिची इतकी स्तुती केली की आवाज चिरकला. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर वळवली.

तेव्हा मला कळलं की याच्याही लक्षात आलंय. आम्ही दोघं त्यावर एक अक्षर बोललो नाही. धरणारा हरत राहिला आणि आई तगून राहिली.

"धरून आहेत," डॉक्टर तपासून म्हणायचे आणि भुवया उंचावायचे.

४

कटकट सुरू केली ती मावशींनी. मला दुकानात फोन करून म्हणाल्या, "ताई, तुमच्या आईंची मूठ उघडत नाही. उजवी."

"उजव्या हातात जोरच नाही मावशी. मूठ कशी वळेल?"

"ते तुम्ही मला नका विचारू. तळवा धुवायला मिळत नाही. आणि ती खुर्ची तिथून हलवा बाई."

"का? बसता की तुम्ही तिच्यावर."

"एकदा बसले होते. उठवेना. मी आपलं स्टूल आणलंय घरून."

मावशींना गुडघेदुखी आहे. मी मनातल्या मनात तेवढ्यावर भागवलं.

पुढच्या रविवारी गेले, तर खुर्ची पलंगाला चिकटलेली. मी ती खिडकीशी ठेवली होती, हे मला पक्कं माहीत होतं, कारण पडद्याची कड तिच्या पायाखाली अडकली होती आणि मी ती सोडवली होती. दादाला विचारलं. तो म्हणाला, मी नाही. मावशी तर तिला हात लावत नव्हत्या. सतरंजीवर खुर्चीच्या पायांच्या खुणा उमटल्या होत्या. खिडकीपासून पलंगापर्यंत, थोड्या थोड्या अंतरावर. रोज जरा जरा.

आईचे डोळे उघडे होते. "झोपते का गं ही?" मी दादाला विचारल्यावर तो म्हणाला, "पडून असते." मग तिची चादर सारखी करत म्हणाला, "हल्ली डोळे नाही मिटत."

५

ते पुढच्याच रविवारी घडलं. भरदुपारी, दिवा लावायचीसुद्धा गरज नव्हती अशा उजेडात. वकीलबाई आणि भोपळा अजून यायचे होते, बाहेर दादा चहा टाकत होता, कपांचा आवाज येत होता. मी आईच्या डाव्या बाजूला स्टूलवर बसून तिचा डावा हात हातात घेऊन नखं कापत होते.

आई म्हणाली, "सोड."

एवढ्या महिन्यांत मी तिच्या तोंडून ऐकलेला पहिला शब्द. माझ्या हातातून नेलकटर पडलं. "दुखलं का गं?" मी म्हटलं आणि हात पटकन सोडला.

"सोड," ती परत म्हणाली. "सोड रे."

ती माझ्याकडे बघत नव्हती. मान पलीकडे वळलेली होती. तिचा उजवा हात, मेलेला, ज्याला डॉक्टर टाचणी टोचून बघत आणि ती हूं का चूं करत नसे, तो हात पलंगावर नव्हता. गादीपासून वर उचललेला होता आणि खुर्चीच्या बाजूला ओढला गेला होता. कोपर ताठ. मूठ हवेत. आई सगळं अंग मागे घेऊन तो ओढून घेत होती आणि तो येत नव्हता. मनगटाशी कातडी आत दबलेली होती. चार ठिकाणी.

मी पाहिलं ते एवढंच. खुर्चीवर काही दिसलं नाही. बैठकीची गादी मात्र मधोमध खाली बसलेली होती.

स्नायू आखडतात अशा रोग्यांचे. मी नंतर वाचलं, होतं तसं. पण स्नायू आखडलेला माणूस समोर कोणी नसताना "रे" म्हणत नाही.

मी उठून खुर्चीला धक्का दिला. खुर्ची हलली नाही. साधी लाकडी खुर्ची, मी एका हाताने उचलून आणलेली. मी परत जोर लावला तेव्हा ती एकदम हलकी झाली, आणि आईचा हात गादीवर पडला.

६

दादाला स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, हसेल. तो गॅसकडे बघत राहिला.

"तुला कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"तुझ्या आधीपासून."

"ती सोड म्हणतेय दादा."

"मला पण म्हणाली. परवा."

"आणि तू काय केलंस?"

"दार लोटून घेतलं." त्याने गाळणी कपावर धरली, पण चहा ओतेना. "मिरचे, तू रविवारी येतेस आणि जातेस. मी ऑफिसातून आलो की मला दारातून आईचा श्वास ऐकू येतो. तो आला नाही तर मी काय करायचं या घरात?"

मला त्याची इतकी कीव आली की राग धड धरता येईना. एवढंच म्हणाले, "आज मी धरणाऱ्याच्या बाजूने बोलणार आहे. तो जिंकायला हवा. तो इथे राहील आणि सोडणारी आत जाईल."

"म्हणजे आई जाईल."

"हो."

असं तोंडाने स्वच्छ म्हणायला मला तोवर जमलं नव्हतं. दारावरची बेल वाजली.

७

वाद सुरू झाला. वकीलबाई नेहमीसारख्या सोडणारीच्या बाजूने बोलल्या. मी धरणाऱ्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. लाकूड कोमट होतं.

"पडणारा माणूस विचारायच्या अवस्थेत नसतो," मी म्हणाले. "आणि धरणारा थकत नाही. थकतो आपण. आपण आठवड्यातून एकदा येतो, फळं आणतो, हात हातात घेतो, घड्याळ बघतो आणि सोडतो. प्रत्येक जण कधीतरी सोडतोच. न सोडणारा हा एकटाच आहे. त्याला निर्दय म्हणणारे आपण कोण?"

मी एकेक खोटं रचत होते आणि त्यातलं बरंचसं खरं निघत होतं. बोलता बोलता कळलं की हाताखालची पाठ हलतेय. हळूच मागे येतेय, कौतुक ऐकताना माणूस मागे रेलतो तशी. मला हात काढून घ्यावासा वाटला. पण वाद जिंकायचा होता. मी हात तसाच ठेवून पुढे बोलले, आणखी गोड बोलले.

फासे ठेवले. माझा आणि भोपळ्याचा धरणाऱ्यापुढे. वकीलबाईंचा सोडणारीपुढे. दादाने आपला फासा मुठीत दाबून धरला होता. मग त्याने तो सोडणारीपुढे ठेवला.

बरोबरी. मागची विजेती कायम. धरणारा परत आत जाणार होता.

मी दादाकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकी मी त्याच्यावर चिडले होते. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. शब्द नव्हता, हुंदकाही नव्हता. ओढून घेताना निघतो तसा.

दादाने फासा उचलला आणि धरणाऱ्यापुढे ठेवला.

"अरे, असं चालत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "नियम तुझाच आहे."

"आज चालतं," दादा म्हणाला.

सोडणारीची खुर्ची त्यानेच उचलली. आईच्या दारात जाऊन तो उभा राहिला, आणि त्याला ती खाली ठेवता येईना. हातात खुर्ची घेऊन उंबऱ्यावर उभा. मी गेले, दुसरी बाजू धरली. आम्ही दोघांनी मिळून ती पलंगाजवळ ठेवली.

संध्याकाळ व्हायच्या आत आई गेली. शेवटी तिने डोळे मिटले. मी उजवा हात धुवायला घेतला, तर मूठ आपोआप उघडली. तळव्यात काही नव्हतं. नखांच्या खुणा होत्या, एवढंच.

८

सगळं उरकलं. भोपळा आणि वकीलबाई येऊन गेले, टेबलाशी बसले, चहा घेतला. उठताना वकीलबाईंना पहिल्या खेपेला उठता आलं नाही. त्या हसल्या, वय झालं म्हणाल्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत. भोपळाही आज जमत नाही, उद्या जमत नाही करत राहिला. खेळ बंदच पडला.

आणि जिंकलेला देव पुढच्या वादापर्यंत टेबलाशी राहतो.

हे माझ्या डोक्यात यायला उशीर झाला. दादाने ऑफिसला जाणं सोडलं होतं. मी समजले, दुःख आहे, जाऊ दे थोडे दिवस. मी धरणाऱ्याची खुर्ची उचलून गॅलरीत टाकायला गेले, तर उचलली गेली नाही. या खेपेला ती हलकीही झाली नाही.

मग मी दादाला म्हणाले, आपण दोघंच वाद घालू. मी सोडणारीची खुर्ची आणून समोर मांडली आणि जीव तोडून बोलले. दादा शांतपणे ऐकत होता. त्याचा हात पलीकडच्या खुर्चीच्या पाठीवर होता. माझं झाल्यावर त्याने आपला फासा धरणाऱ्यापुढे ठेवला.

"का रे?" मी विचारलं.

"तूच तर पटवलंस," तो म्हणाला. "किती छान बोलली होतीस त्याच्याबद्दल. तो पण काढतो आठवण."

एकास एक. बरोबरी. मागचा विजेता कायम.

दर रविवारी मी जाते. सोडणारीची खुर्ची समोर ठेवून नवे मुद्दे मांडते. वकीलबाईंचे मुद्दे मांडते, जिन्यात गाठून त्यांनाच विचारून आलेले. आईची आठवण काढते. दादाचा फासा एकाच जागी जातो. तो बारीक झालाय, पण आजारी नाही. डोळे मात्र ताणल्यासारखे वाटतात. मी दुकानातून औषधाचे थेंब नेले, तर म्हणाला, थेंब घालून मिटणार आहेत का.

आजही वाद बरोबरीत सुटला. मी ताटं वाढली आणि त्याला म्हणाले, "चल, हात धुऊन घे. जेवायला बस."

दादाचा उजवा हात खुर्चीच्या पाठीवर नव्हता. बाजूला होता, हवेत, टेबलाच्या कडेपाशी. मूठ वळलेली.

"सोडलं की येतो," तो म्हणाला.

मी ताट तिथेच नेऊन ठेवलं. तो डाव्या हाताने जेवला, आई सूप प्यायली होती तसा, थोडं सांडत. मी फरशी पुसली.